चौथीच्या चंद्राची कुळकथा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र सकाळीच उगवतो आणि दिवसभर आभाळात असतो. उन्हात तो कोणाच्या ध्यानात येत नाही. सूर्य मावळला की पश्चिमेकडे त्याची कोर उजळते आणि साडेआठ-नऊच्या सुमारास मावळते. जपायचे असतात ते हे दोनेक तास, आणि नेमकी तीच घरोघरच्या आरत्यांची वेळ. झांजा घेऊन मुलं या घरातून त्या घरात पळत असतात आणि मागून एखादी आजी हाक घालते, "वर बघू नका रे, चोरीचा आळ येईल!"

बागुलबुवा शाळेत जायच्या वयातच सुटतो. पिंपळावरचा मुंजाही पुढे कधीतरी मनातून उतरतो. चौथीचा चंद्र मात्र टिकून राहतो. एरवी राहुकाळ न बघणारी, मांजर आडवं गेलं तरी न थांबणारी माणसं त्या संध्याकाळी गच्चीत जायचं टाळतात. 2023 साली 23 ऑगस्टला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं आणि महिन्याभरातच, 19 सप्टेंबरला, गणेश चतुर्थी आली. कितीतरी मंडळांनी चांद्रयानाचे देखावे उभारले, लोकांनी ते कौतुकाने पाहिले, आणि घरी परतताना नजर खाली ठेवणारे त्यांच्यातही होतेच.

सांगितली जाणारी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: उंदरावरून गणपती पडला, चंद्र हसला, गणपतीने शाप दिला. पण या शापातून चोरीचा आळ कसा निघाला? हसण्याची शिक्षा म्हणून चंद्राचं तोंड कोणी पाहू नये, इथवर ठीक. बघणाऱ्यावर चोरीचाच आळ का यावा, याचं उत्तर त्या गोष्टीत नाही. ते द्वारकेत आहे.

द्वारकेतल्या सत्राजिताला सूर्याने स्यमंतक मणी दिला. तो रोज आठ भार सोनं देई. हा मणी राजा उग्रसेनाकडे असावा, असं कृष्णाने सुचवलं आणि सत्राजिताने नकार दिला. पुढे सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला, तो परतलाच नाही. झालं! ज्याने मणी मागितला होता त्यानेच काटा काढला, अशी कुजबुज गावभर सुरू झाली.

कृष्णाने यावर जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्याने रागावून कोणाचं तोंड बंद केलं नाही. गावातली माणसं सोबत घेतली आणि तो माग काढत रानात गेला. प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेले दिसले, पुढे मेलेला सिंह, त्याच्याही पुढे अस्वलांचा राजा जांबवान याची गुहा. विष्णुपुराणात गुहेच्या तोंडाशी एक विलक्षण प्रसंग येतो. आत एक दाई रडणाऱ्या बाळाला अंगाई म्हणते आहे आणि त्या अंगाईत प्रसेनाला कोणी मारलं, त्या मारणाऱ्याला कोणी मारलं आणि मणी आता कोणाचा, हे सगळं येतं. कृष्ण निर्दोष असल्याचं पहिल्यांदा उच्चारलं जातं ते असं, एका दाईच्या तोंडून, तिला त्या आळाची वार्ताही नसताना.

मग जांबवानाशी युद्ध, भागवताप्रमाणे अठ्ठावीस दिवसांचं. बाहेर थांबलेले लोक बाराव्या दिवशीच आशा सोडून परतले होते. अखेर कृष्ण मणी आणि जांबवानाची मुलगी जांबवती यांना घेऊन आला आणि भर सभेत सर्व हकीकत सांगून त्याने मणी सत्राजिताच्या हाती दिला. खजील झालेल्या सत्राजिताने आपली मुलगी सत्यभामा त्याला दिली.

भागवतातल्या आणि विष्णुपुराणातल्या या कथेत चौथीचा चंद्र कुठेच नाही. विष्णुपुराण कथेच्या शेवटी एवढंच सांगतं, की कृष्णावरचा खोटा आळ कसा धुतला गेला हे जो आठवेल, त्याच्यावर कधी खोटा आळ येणार नाही. म्हणजे आधी आळाची भीती होती आणि तिच्यावरचा उतारा होता. चंद्र तिला नंतर येऊन मिळाला. कृष्णाने चौथीचा चंद्र पाहिला म्हणून हे घडलं, असं पुढच्या कथांनी जोडून दिलं. गणपतीचा शाप आणि कृष्णावरचा आळ असे दोन निराळे प्रवाह त्या एका रात्रीत मिसळले.

सोळाव्या शतकापर्यंत हे पक्कं रुजलं होतं. तुलसीदासांच्या रामचरितमानसात बिभीषण रावणाला परस्त्रीच्या मुखाकडे बघू नकोस हे सांगताना चौथीच्या चंद्राचीच उपमा देतो आणि ती समजावून सांगायची त्याला गरज पडत नाही. 1790 साली पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी लिहिलेल्या धर्मसिंधूत चंद्रदर्शनाचा दोष येतो आणि त्यावरचा जपही. जपायचा श्लोक कोणता? त्या दाईची अंगाई.

लोकांनी आणखी एक उपाय काढला. चंद्र दिसलाच तर शेजाऱ्याच्या छपरावर दगड टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या; व्हायची ती बदनामी तिथेच होऊन जाते. बिहारकडे या तिथीला ढेला चौथ, म्हणजे ढेकळाची चौथ, असंच नाव आहे. बंगालात या रात्रीला नष्टचंद्र म्हणतात आणि पोरं शेजारच्या झाडांवरची फळं चोरत. मिथिलेत मात्र त्याच संध्याकाळी चौरचनला फळं आणि दही घेऊन अंगणात याच चंद्राची पूजा करतात.

मला वाटतं, ही भीती मुळात मोठ्यांचीच. आपण न केलेलं आपल्या माथी मारलं जाईल आणि चार लोक ते खरं मानतील, हे भय लहान मूल आजीकडून नुसतं ऐकतं. पुढे नोकरीत, भावकीत, वाटणीच्या बैठकीत त्याचा अर्थ कळतो, म्हणून ते भुताखेतांसारखं मागे पडत नाही.

मुलांना गोष्ट सांगताना आपण सत्यभामेच्या लग्नाशी थांबतो. पुराण थांबत नाही. पुढे शतधन्वा नावाचा यादव सत्राजिताला मारून मणी पळवतो आणि दुसऱ्या एका यादवाकडे, अक्रूराकडे, ठेवून निसटतो. कृष्ण त्याला मिथिलेजवळ गाठून मारतो, पण मणी त्याच्याजवळ सापडत नाही. या वेळी संशय घेतो तो बलराम, कृष्णाचा थोरला भाऊ. विष्णुपुराणात तो चिडून द्वारकेला परतायचंच नाकारतो आणि मिथिलेत राजा जनकाकडे राहतो. शेवटी कृष्ण अक्रूराला यादवांसमोर मणी दाखवायला लावतो आणि तो पुन्हा अक्रूराकडेच राहू देतो.