उमेदवाराचे पत्र

नोकरीची इच्छा धरणाऱ्या माणसाला आपण मराठीत उमेदवार म्हणतो. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'आशा बाळगणारा'. हा आशावंत जे पत्र लिहितो त्याला आपण अर्ज म्हणतो. आणि अर्ज म्हणजे समोर मांडणे, सादर करणे. दरबारांच्या काळात हे शब्द आपल्या भाषेत रुळले. पुढे दरबार गेले, तरी कचेऱ्यांतून ते टिकून राहिले. जन्मतारीख, परीक्षा, अनुभव यांची यादी वेगळ्या कागदावर असते; परंतु ती यादी आपल्या पायांनी चालत कोणाच्या दारी जात नाही. तिला हाताशी धरून नेणारे एक पत्र लागते. त्या पत्राचे काम नेमके कोणते, हे समजून घेण्यासाठी इतिहासातील तीन उमेदवारांकडे पाहू या.

पहिला उमेदवार लिओनार्दो दा विंची. इ. स. १४८२च्या सुमारास, वयाच्या तिशीत, तो फ्लॉरेन्स सोडून मिलान येथे गेला. तेथे सत्ता लुडोविको स्फोर्त्सा याच्या हाती होती. त्याला उद्देशून केलेला लिओनार्दोचा एक मसुदा मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयातील 'कोडेक्स अटलांटिकस' या संग्रहात आजही आहे. मौज अशी की हा मसुदा त्याच्या हातचा नाही. लिओनार्दो डावखुरा, तो उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावे असे लिहीत असे. येथे मात्र अक्षर दुसऱ्या कोणाचे तरी आहे आणि ते सरळ वाचता येते.

मजकूर तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. आपण जिला चित्रकार म्हणून ओळखतो ती व्यक्ती येथे चित्रकलेविषयी आरंभी अवाक्षर काढीत नाही. हलके, सहज वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढून घेण्याच्या युक्त्या, तोफा, भुयारे, आच्छादित रथ अशी एकामागून एक कलमे येतात. शांततेच्या काळात आपण इमारती बांधू आणि पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊ, हे त्यानंतर. आणि शिल्प व चित्र यांचा उल्लेख अगदी अखेरीस. लुडोविकोच्या दिवंगत पित्याच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडविण्याची तयारीही तो दाखवितो. आणि यांतील काही अशक्य वाटल्यास आपण सांगाल तेथे प्रयोग करून दाखवीन, असे सांगून तो थांबतो. युद्धाच्या छायेत राज्य करणाऱ्याला प्रथम काय हवे आहे, हे लिओनार्दोने ओळखले होते. आपल्याला काय येते याची ही यादी खरी, पण तिचा क्रम वाचणाऱ्याच्या गरजेप्रमाणे लागला आहे. पुढे सुमारे सतरा वर्षे तो मिलानमध्ये राहिला. घोड्याची मातीची प्रतिमा तयार झाली, पण तिच्यासाठी राखलेले ब्राँझ १४९४ साली तोफांकरिता गेले. त्याच शहरात, मठातील भोजनगृहाच्या भिंतीवर, त्याने 'अखेरचे भोजन' हे चित्र मात्र रंगविले.

दुसरा उमेदवार मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, शालेय शिक्षण बेताचे, लंडनमधील एका पुस्तक-बांधणाऱ्याकडे त्याने उमेदवारी केली. हीही उमेदवारीच, आपली भाषा धंदा शिकणाऱ्यालाही हाच शब्द लावते. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकता आली. विज्ञानाची सेवा करायची, मग काम कितीही हलके असो, या ध्यासाने त्याने प्रथम रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. त्याला उत्तर आले नाही.

त्यानंतर त्याने डेव्हींना लिहिले, पण या वेळी पत्र एकटे गेले नाही. त्यांच्या व्याख्यानांची टिपणे त्याने सुवाच्य अक्षरांत उतरवून काढली होती, आकृत्या काढल्या होत्या आणि आपल्या धंद्यातील कौशल्याने त्यांचे पुस्तक बांधले होते. ते पुस्तक त्याने पत्रासोबत पाठविले. पदवी नव्हती, शिफारस करणारा कोणी मोठा माणूस नव्हता. परंतु हा मुलगा लक्षपूर्वक ऐकतो, नीट समजून घेतो आणि हाती घेतलेले काम तडीस नेतो, याचा पुरावा समोर होता. त्याच डिसेंबरात, २४ तारखेला, डेव्हींचे सौजन्यपूर्ण उत्तर निघाले. जागा लगेच रिकामी नव्हती. ती झाली तेव्हा त्यांना या तरुणाची आठवण राहिली, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडे प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला.

तिसरे उमेदवार आपल्याच देशातले, श्रीनिवास रामानुजन. १८८७ साली जन्मलेल्या या तरुणाने गणिताच्या नादात अन्य विषयांकडे पाठ फिरविली, शिष्यवृत्ती गमावली आणि एफ. ए.ची परीक्षा त्यांना कधीच पार करता आली नाही. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. मॅट्रिक झालो, एफ. ए.पर्यंत शिकलो, प्रतिकूल प्रसंगांमुळे पुढे जाता आले नाही, परंतु सारा वेळ गणितात घालवीत आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. अपयश झाकले नाही आणि त्याचे रडगाणेही गाइले नाही. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्चपासून त्यांना महिना तीस रुपयांची नोकरी मिळाली.

पोटापाण्याची सोय झाली, तरी ज्याच्यापुढे आपले गणित मांडावे असा वाचक अजून सापडला नव्हता. केंब्रिजमधील दोघा गणितज्ञांकडे त्यांनी लिहून पाहिले; तेथून साहाय्य आले नाही. मग १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी त्याच विद्यापीठातील जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. आपण वर्षाला वीस पौंडांवर काम करणारा कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण आपल्याला नाही, हे आरंभीच सांगून त्यांनी हार्डींच्याच एका पुस्तिकेतील विधानाला हात घातला: मूळ संख्यांविषयी जे सूत्र अद्याप सापडले नाही असे आपण म्हणता, ते मला सापडले आहे. हा दावा पुढे टिकला नाही. परंतु सोबतच्या पानांवर सिद्धतेवाचून मांडलेल्या प्रमेयांची रांगच होती. हार्डींना प्रथम ही लबाडी असावी असा संशय आला. त्या दिवशी रात्री लिट्लवुड यांच्यासमवेत ती पाने तपासल्यावर तो मावळला. अशी सूत्रे खरीच असली पाहिजेत, कारण ती खोटी रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणापाशी असणार, अशा अर्थाचे उद्गार हार्डींनी पुढे काढले. ८ फेब्रुवारीला त्यांनी उत्तर धाडले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने रामानुजनांना महिना पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती दिली, १९१४ साली ते केंब्रिजला निघाले, आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

आता या पत्राचे वाहन बदलले आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी संगणकांच्या जाळ्यावरून पहिला ई-मेल धाडला. १९९२ साली ई-मेलला फाइल जोडण्याची सर्वमान्य पद्धत ठरली. आज बायोडेटा त्या जोडफाइलीत जातो आणि ई-मेलचा मजकूर हेच सोबतचे पत्र ठरते. सोय वाढली, तसा एक मोहही वाढला. एकच मजकूर पन्नास ठिकाणी पाठविणे आता क्षणाचे काम आहे. पुष्कळांना तर मायन्यातील नाव बदलण्याचेही भान राहत नाही, आणि कित्येक जण मजकुराची जागा कोरीच सोडून नुसती फाइल धाडून देतात. असे पत्र कोणालाच उद्देशून नसते. मग ते कोणी आपले मानून वाचावे, ही अपेक्षा तरी कशी धरावी?

या तीन पत्रांपासून घ्यावयाचे ते थोडकेच आहे. आपण कोणाला लिहितो आहोत आणि त्याला कशाची गरज आहे, हे आधी जाणून घ्यावे. आपली उणीव असेल तर ती एका वाक्यात प्रांजळपणे सांगून पुढे जावे. आणि 'मी कष्टाळू आहे' असे लिहिण्यापेक्षा कष्टाने केलेले एखादे काम सोबत जोडावे. जोडफाइलीत असलेले सारे पुन्हा मजकुरात लिहिण्याचे कारण नाही; ती फाइल उघडावीशी वाटेल एवढेच त्या चार ओळींनी साधावे.

हे झाले लिहिणाऱ्याचे. परंतु बँक्स यांच्याकडून फॅरडेला उत्तर मिळाले नव्हते आणि रामानुजनांनाही हार्डींपूर्वी निराशाच पदरी घ्यावी लागली होती, हे विसरून चालणार नाही. आज अनेक मोठ्या कचेऱ्यांत अर्जांची पहिली चाळणी संगणकच लावतो. नियमात न बसणारा, परीक्षेत नापास झालेला, पण असामान्य कुवतीचा एखादा उमेदवार त्या चाळणीतून सहज खाली पडू शकतो. म्हणून ज्यांच्या टेबलावर असे अर्ज येतात, त्यांनी त्यांतील थोडे तरी स्वतः वाचावेत आणि प्रत्येकाला दोन ओळींचे उत्तर द्यावे. कोणी तरी आशेने लिहिले आहे, हे त्या उमेदवार शब्दातच सांगितलेले आहे.