शाळेचा उंबरठा आणि कायदा

स्मरणिकेत पूर्वजांचा गौरव करण्याची आपली प्रथा आहे व ती योग्यच होय. परंतु ज्या शाळांमुळे आपली ज्ञाती पुढे आली, त्यांचा उंबरठा इतरांस किती काळ बंद होता, हेही सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते.

सन १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. न्याय मुलाच्या बाजूस आहे हे मान्य करूनही, इतरांच्या विरोधास भिऊन सरकारने तो नाकारला. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे स्पष्ट केले. १८८२ च्या हंटर आयोगाने तत्त्व तेच ठेवले, पण जपून वागण्याचा सल्ला देऊन स्वतंत्र शाळांस उत्तेजन दिले. म्हणजे हक्क कागदावर आणि मूल ओसरीवर!

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत करून घेतला. अंमल मात्र तुटपुंजा राहिला. म्हणून नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात सामाईक शाळांचाच पुरस्कार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. १९२९ मध्ये ते धुळे मार्गावरील एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून आपल्या चाळीसगावी उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला. वाटेत मोरीवर अपघात होऊन बाबासाहेब दगडांवर आपटले व त्यांचा पाय मोडला. कोलंबिया व लंडनच्या पदव्या मिळविलेल्या विद्वानाची ही गत, तेथे खेड्यातील पोराची काय कथा!

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. आपल्या राज्यघटनेने १९५० मध्येच अस्पृश्यता नष्ट केली होती. १९५५ च्या कायद्याने त्या कारणावरून शाळाप्रवेश नाकारणे गुन्हा ठरले. धारवाडच्या त्या अर्जास तोवर नव्याण्णव वर्षे लोटली होती.

आम्ही आयुष्यभर मुले शिकविली. कायदा उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. आतील बैठक, पाण्याचा पेला आणि जेवणाची पंगत ही आपल्या हातची असते. आपल्या घरातील वयोवृद्धांस एकदा विचारा : तुम्ही शाळेत कोठे बसत होता, आणि बाहेर कोण बसत असे? उत्तर अवघड वाटले तरी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ते अवश्य लिहा. पूर्वजांचा खरा गौरव त्यांच्या चुका सुधारण्यातही आहे.