रिकामा पाळणा

मला आठवा महिना लागला त्या आठवड्यात माझ्या पतींनी घरातला एक कोपरा मोकळा केला. कपाट सरकवले, जुन्या वह्यांचे गठ्ठे माळ्यावर टाकले, भिंतीला फिकट हिरवा रंग दिला आणि बाजारातून पाळणा आणण्याचा बेत केला. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून सगळे पाहत होत्या. पाळण्याचे नाव निघताच त्या म्हणाल्या, "अभी नहीं. खाली झूला घर में नहीं रखते." माझे पती हसले. मी शिक्षिका असल्यामुळे ही अंधश्रद्धा आहे हे समजावण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी दोन वाक्ये बोललेही. अम्मी काही न बोलता आत गेल्या. नंतर कळले की त्यांच्या आईची तीन मुले चाळीस दिवसांच्या आत गेली होती, आणि तिसऱ्याच्या वेळी पाळणा आधीच आणून ठेवलेला होता.

त्या दिवसापासून मी या समजुतीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. मराठी घरांतही रिकामा पाळणा हलवू नये, बाळ जन्मण्याआधी त्याचे नवे कपडे शिवू नयेत असे म्हणतात. हिंदू-मुसलमान दोघांच्या घरांत ही एकच भीती का असावी? इतिहासाच्या पुस्तकांत राजे आणि लढाया भेटतात, घरातल्या भीतीला तिथे जागा नसते. पण भीतीलाही इतिहास असतो. या लेखात तो थोडा उलगडण्याचा प्रयत्न आहे.

आधी घराचा विचार करू. आपल्या शहरातला मोमीनपुरा ही विणकरांची वस्ती. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी ती वसवली, आणि शहरातले कोष्टी विणकर हे त्यांचे व्यवसायबंधू. विणकराच्या घरातली सर्वांत मोठी जागा मागाची. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचे, समोर ताणा पसरलेला. उरलेल्या जागेत चूल, माणसे आणि सूत. बायका आणि मुले नळ्या भरत. अशा घरात बाळासाठी वेगळी खोली कुठून येणार? जचगीसाठी आतला कोपरा पडदा लावून आडोशाला घेत, तिथे बाज टाकत आणि शेगडी ठेवत. पाळणा म्हणजे बहुधा आढ्याला दोरीने टांगलेली झोळी, आणि ती बाळ आल्यावर तासाभरात तयार होई.

याचा अर्थ तयारी होत नव्हती असा मात्र नाही. तयारी कापडाची होती. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, ओढण्यांच्या घड्या साठवल्या जात. त्यांच्या गुदड्या शिवल्या जात, लंगोट फाडले जात. बाळाला पहिला कपडा घरातल्या वडीलधाऱ्याच्या जुन्या वस्त्रातला घालावा ही रीत अनेक घरांत होती. ज्याचे वय लांबले त्याचे वस्त्र अंगाला लागावे अशी त्यामागची भावना. शिवाय शंभर वेळा धुतलेले सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असते हे विणकराच्या बायकोला कुणी शिकवायला नको होते. दुसरी तयारी आईच्या पोटाची. डिंक, खारीक, ओवा, बाळंतशेपा, गूळ आणि तूप हळूहळू जमा होई. माहेरून येणारा वाटा त्यात मोठा असे.

जाफर शरीफ यांनी दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेले 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक हर्क्लॉट्स या डॉक्टरांनी इंग्रजीत आणले. ते १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवातच गर्भारपण आणि जन्मापासून होते. सातव्या महिन्याचा सतवांसा, सहाव्या दिवसाची छट्टी, सातव्या दिवसाशी जोडलेला अकीका, चाळिसाव्या दिवसाचा चिल्ला आणि बाळाला झुल्यात ठेवण्याचा समारंभ, सगळे त्यात आहे. जन्माआधीचा उत्सव आईचा आहे. तिला नवे कपडे, फुले, आवडीचे पदार्थ मिळतात. बाळाचे सारे सोहळे मात्र जन्मानंतरचे आहेत. शेजारच्या हिंदू घरात पहा. तिथे डोहाळजेवण आईचे, आणि बाळ पाळण्यात जाते ते बाराव्या दिवशी, बारशाला. म्हणजे पाळणा यायचा तो बाळ काही दिवस तगल्यावर.

या दिवसांच्या हिशेबात एक कटू सत्य लपलेले असावे असे मला वाटते. नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा पात्याने कापली, जखमेवर राख किंवा शेण लावले, की नवजात बाळाला धनुर्वात होई. याची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतात. चांगले दूध पिणारे बाळ अचानक तोंड मिटते, अंग ताठ करते आणि दोन-तीन दिवसांत जाते. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावर याच रोगाला लोक आठ दिवसांचा आजार म्हणत. आपल्याकडे त्याला नजर, आसरा किंवा सटवाईचा कोप म्हटले गेले. सटवाई सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते ही समजूत महाराष्ट्रात आहे, आणि आपली छट्टीही सहाव्याच दिवसाची. मौलवींनी छट्टीला कितीही विरोध केला तरी बायकांनी ती सोडली नाही. सहावा दिवस ओलांडला म्हणजे पहिला उंबरठा ओलांडला, हे त्यांना अनुभवाने माहीत असावे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींची गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी वाचली आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि १८८७ मध्ये, वयाच्या बाविशीच्या आत, वारल्या. त्यांची कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो. ती दहा दिवसांच्या बाळाचीही कथा आहे.

त्याच काळात, १८८५ साली, लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभा राहिला. नागपुरातही डफरीनच्या नावाने स्त्रियांचे इस्पितळ निघाले, आणि सीताबर्डीत स्कॉटिश मिशनचे मूर मेमोरियल झाले. पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत, हा या सगळ्या योजनांमागचा मुख्य विचार. तरीही बहुतेक बाळंतपणे घरीच, दाईच्या हातून होत राहिली. म्हणून १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांना प्रशिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मृती निधी काढला. हात धुणे, नाळ कापायचे हत्यार उकळणे, स्वच्छ कापड वापरणे, इतकेच त्या शिक्षणाचे सार. पण त्या काळच्या लिखाणात दाईला सरसकट अडाणी, घाणेरडी म्हटले गेले, हेही नोंदवले पाहिजे. जी बाई रात्री-अपरात्री कंदील घेऊन गरिबाच्या दारी येत होती, तिचा अपमान करून तिला शिकवता येणार नव्हते.

उर्दूतही या विषयावर लेखन झाले. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी आरोग्य आणि मुलांच्या संगोपनावर स्त्रियांसाठी उर्दू पुस्तके लिहिली. राज्य करणारी बाई तान्ह्या मुलाच्या अंघोळीवर आणि दुधावर लिहिते, ही घटना मला एखाद्या लढाईपेक्षा मोठी वाटते. दुसरीकडे मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'ने जन्मावेळच्या खर्चिक रूढींवर कठोर टीका केली. हे पुस्तक आपल्याकडे मुलींना लग्नात देत असत. एकीने स्वच्छता शिकवली, दुसऱ्याने खर्च आवरायला सांगितले. मात्र कर्ज काढून छट्टी करणाऱ्या घरात त्याच वेळी बाळंतिणीच्या तुपाला पैसे नसत. हा विरोधाभास दोघांच्या वाचकांना किती उमगला हा प्रश्नच आहे.

गरिबाच्या मुलासाठी वेगळी राखलेली खोली आपल्या शहरात दिसते ती घरात नव्हे, गिरणीत. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढे या गिरणीने कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली. त्यांची गरज का पडली हे समजायला मुंबईकडे पाहावे लागेल. १९२२ मध्ये तिथल्या गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर बार्न्स यांना आढळले की जवळजवळ सगळ्याच आया तान्ह्या मुलांना अफू देत होत्या. हीच ती बाळगोळी. आई दहा तास यंत्रापाशी असेल तर बाळ झोपून राहणे हाच तिच्यासमोरचा एकमेव उपाय होता. तिला निर्दय म्हणणे सोपे आहे. तिला पाळणाघर आणि रजा देणे कठीण होते.

रजेचा कायदा आला तो असा. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. पाठोपाठ १९३० मध्ये मध्य प्रांताने कायदा केला, आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर होते. देशभराचा कायदा १९६१ चा, आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांपर्यंत गेली. माझ्यासारख्या शिक्षिकेला रजा मागताना संकोच वाटत नाही, त्यामागे त्या गिरणीतल्या बायका आहेत.

पण हातमागावर नळ्या भरणाऱ्या आणि घरी विडी वळणाऱ्या बाईचे काय? कामठीला विडी कामगारांची मोठी वस्ती. बाबू हरदास यांनी तिथे त्यांना संघटित केले. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या आवारासाठी. घरच्या ओट्यावर बसलेल्या बाईचे पाळणाघर म्हणजे तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली झोळीची दोरी. हात पानावर आणि पाय पाळण्यावर, असे दृश्य माझ्या पिढीनेही पाहिले आहे.

आता चित्र पालटले आहे. शंभर वर्षांपूर्वी या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांतले एक तरी पहिल्या वाढदिवसाआधी जात असे. २०२० च्या सरकारी आकड्यांनुसार देशात हे प्रमाण हजारी २८ आणि महाराष्ट्रात १६ होते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसली. गर्भवतीला दिलेली धनुर्वाताची लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारतात नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ज्या रोगाने सहाव्या रात्रीची भीती जन्माला घातली असावी, तो गेला. भीती मात्र अम्मींच्या मनात राहिली, कारण आकडे घरात शिरायला दोन पिढ्या लागतात.

मग आता पाळणा आधी आणायला हरकत नाही, हे खरेच. पण नव्या तयारीत मला एक उणीव दिसते. बाळाच्या खोलीचा रंग, पडदे, खेळणी यांवर आपण खर्च करू लागलो आहोत. आईच्या रक्तातले लोह कमी आहे, तिला दुपारची झोप मिळत नाही, सातव्या महिन्यातही ती पाण्याच्या बादल्या उचलते, याकडे लक्ष जात नाही. जुनी तयारी चुकीच्या भीतीवर उभी असली तरी तिच्या मध्यभागी आई होती. कुरआनाने गर्भारपणाचे वर्णन करताना आईच्या अशक्तपणावर पडणाऱ्या अशक्तपणाची आठवण दिली आहे, आणि दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. खजुराच्या झाडाखाली कळा सोसणाऱ्या हजरत मरियमला खजूर आणि पाणी मिळाले. खोलीचा उल्लेख तिथे नाही. हजरत मूसांच्या आईने बाळासाठी पेटी तयार केली, तीही सजावटीसाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी. आपल्या पैगंबरांनीही तान्हा इब्राहीम गमावला आणि ते रडले. मूल जाण्याच्या भीतीला धर्माने कधी हसण्यावारी नेलेले नाही. मी मात्र त्या दिवशी अम्मींशी तसे बोलले होते.

त्यानंतर आम्ही एक तडजोड केली. हिरव्या भिंतीचा कोपरा तसाच ठेवला, पाळणा दुकानातच सांगून ठेवला. त्याचे पैसे माझ्या पतींनी माझ्या तपासण्यांसाठी, डाळ-अंडी आणि दुधासाठी बाजूला काढले. पाणी भरण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. अम्मींनी ट्रंक उघडून आपल्या आईची एक ओढणी काढली. पातळ, धुवून धुवून मऊ झालेली. ती उकळत्या पाण्यातून काढा, कडक उन्हात वाळवा, मग कापा, असे मी सांगितले. त्या हो म्हणाल्या. आता त्या रोज दुपारी खिडकीपाशी बसून गुदडी शिवतात, आणि मी त्यांच्या बाजूला पाय लांब करून पडून राहते.