चेपॉकवर महाराष्ट्र : १९४०-४१चा रणजी हंगाम

आजची गोष्ट चेन्नईची आहे, म्हणजे तेव्हाच्या मद्रासची. १९४१ साल. चेपॉकच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना. एका बाजूला यजमान मद्रास, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेला महाराष्ट्र. आपण सहा गडी राखून जिंकलो. सलग दुसऱ्यांदा जिंकलो. आणि त्यानंतर आजवर महाराष्ट्राच्या संघाला रणजी करंडक मिळालेला नाही.

पण मला आज फक्त धावा-विकेटा सांगायच्या नाहीत. त्या हंगामात एक मोठा प्रश्न मैदानावर उभा होता. खेळाडूची ओळख कशावरून ठरवायची? धर्मावरून की प्रांतावरून?

जरा मागे जाऊ. साम्राज्यात इंग्रज जिथे गेला तिथे खेळ गेला, आणि बऱ्याच ठिकाणी तो प्रांतांच्या सामन्यांतून रुजला. दक्षिण आफ्रिकेत करी कपसाठी प्रांताप्रांतांचे रग्बी संघ १८९२पासून भिडत होते. न्यूझीलंडमध्ये रॅनफर्ली शील्डसाठी तेच. ऑस्ट्रेलियात शेफील्ड शील्ड. आपल्याकडे मात्र मुंबईत सगळ्यात मोठी गर्दी खेचणारी स्पर्धा धर्मावर बेतलेली होती. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन. आधी तिरंगी, मग चौरंगी, आणि १९३७पासून 'इतरां'चा संघ धरून पंचरंगी.

प्रांतांची स्पर्धा आली ती १९३४मध्ये. आदल्या वर्षी रणजितसिंहजी वारले होते. पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी त्यांच्या नावाने करंडक देऊ केला. आणि मंडळी, या स्पर्धेचा पहिला सामना कुठे झाला असेल? चेपॉकवरच. ४ नोव्हेंबर १९३४, मद्रास विरुद्ध म्हैसूर. पहिला चेंडू टाकला एम. जे. गोपालन यांनी. म्हैसूर ४८ धावांत गारद. मद्रासच्या १३०. म्हैसूर पुन्हा ५९. सामना एका दिवसात आटोपला! डावखुऱ्या ए. जी. रामसिंग यांनी ३५ धावांत ११ बळी घेतले. मद्रास एक डाव आणि २३ धावांनी विजयी.

या दोन नावांकडे बघा. रामसिंग म्हणजे मद्रासकडून खेळणारा शीख. त्याची मुलंही पुढे तमिळ मातीतच क्रिकेट खेळली. गोपालन हॉकीतही तितकाच वाकबगार. १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकचा हॉकी संघ आणि इंग्लंडचा क्रिकेट दौरा यांतून त्याने क्रिकेट निवडलं. हॉकी संघ सुवर्णपदक घेऊन आला, आणि गोपालनला इंग्लंडमध्ये एकही कसोटी मिळाली नाही.

चेपॉकचं मैदान मद्रास क्रिकेट क्लबचं. क्लब १८४६चा, गोऱ्या साहेबांचा. तिथे खेळायला आलेल्या हिंदी खेळाडूंना जेवणाच्या वेळी पॅव्हिलियनमध्ये जागा नसे, त्यांनी झाडाखाली बसायचं, असं सांगतात. हे सलल्यामुळे बुची बाबू नायडूंनी मद्रास युनायटेड क्लब काढला, तोही १८८८मध्ये. पुढे पोंगलच्या सुमारास हिंदी विरुद्ध युरोपियन असा प्रेसिडेन्सी सामना दरवर्षी रंगू लागला. म्हणजे मद्रासची फळी कातडीच्या रंगावर, मुंबईची धर्मावर. रणजी करंडकाने या दोन्ही शहरांना तिसरा मार्ग दाखवला. मद्रासच्या संघात सुरुवातीच्या काळात सी. पी. जॉनस्टन हा इंग्रज कर्णधार, आणि त्याच्याच संघात गोपालन आणि रामसिंग. कालचे प्रतिस्पर्धी एकाच टोपीखाली.

आता आपल्या संघाकडे येऊ. कर्णधार कोण? प्रा. दिनकर बळवंत देवधर. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे. जन्म १४ जानेवारी १८९२चा. १९२६मध्ये त्यांनी गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा काढल्या होत्या. पण १९३२ साली भारताचा कसोटी संघ इंग्लंडला निघाला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती, आणि त्यांना वगळलं गेलं. कसोटी त्यांच्या नशिबात आलीच नाही. दुसरा कोणी असता तर बॅट खुंटीला टांगून निवांत मेघदूत शिकवत बसला असता. देवधरांनी महाराष्ट्राचा संघ बांधला.

१९३९-४०मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्र पहिल्यांदा विजेता झाला. त्याच हंगामात विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. आता गंमत बघा. पंचरंगीत देवधर हिंदूंचे, आणि हजारे 'इतरां'चे. १९४३मध्ये याच 'इतरां'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या, त्याही हिंदूंच्या संघाविरुद्ध! पण महाराष्ट्राच्या संघात 'इतर' कोणीच नव्हतं. तिथे सांगलीचा हजारे आणि पुण्याचा देवधर एकाच बाजूला.

मग आला १९४०-४१चा हंगाम. बाहेर महायुद्ध पेटलेलं. डिसेंबर १९४०मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना वर्ध्याला भेटली. पंचरंगीचं काय करावं, हा प्रश्न. गांधीजींचं म्हणणं असं, की महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी, हे त्यांना कधी उमगलं नाही. त्या वर्षी हिंदूंचा संघ पंचरंगीतून बाहेर राहिला.

आणि त्याच हंगामात पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध मुंबई असा सामना झाला. दोन्ही संघांत मराठी माणसं, म्हणजे घरातलंच भांडण. मुंबईकडून खंडू रांगणेकरांच्या २०२. महाराष्ट्राकडून देवधरांच्या २४६. वय? पन्नाशीच्या जवळ आलेलं! महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. दोघांचे दुसरे डाव राहूनच गेले. पहिल्या डावातल्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे सरकला. रंगा सोहोनीने तर त्या हंगामात धावांचा पाऊस पाडला. आणि शेवटी सगळे आगगाडीने मद्रासला पोहोचले.

मराठी माणूस तमिळ मुलखात काही पहिल्यांदा जात नव्हता. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला गादी स्थापली, आणि तिकडची मराठी घराणी आजही तिथली आहेत. पण या वेळी जाणारा संघ अशा प्रांताचं नाव घेऊन गेला, जो नकाशावर नव्हता. १९४१मध्ये होता तो मुंबई इलाखा. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून एकोणीस वर्षं होती. धावफलकावर मात्र 'महाराष्ट्र' आधीच लिहिलं गेलं होतं, तेही मद्रासच्या चेपॉकवर, आणि विजेता म्हणून.

पुढचं थोडक्यात. हजारे बडोद्याला गेले, ज्या संघाला त्यांनी झोडपलं होतं त्याच संघात. पंचरंगी १९४६मध्ये कायमची बंद पडली. मद्रासला पहिला रणजी करंडक १९५४-५५मध्ये मिळाला. महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असा तीनदा अंतिम फेरीत पोहोचला, आणि तिन्ही वेळा हात हलवत परतला. देवधर १०१ वर्षं जगले, १९९३मध्ये गेले.

प्रांताचा अभिमानही कधी कधी आंधळा होतो, हे आपण पाहिलेलं आहे. पण प्रांताच्या संघाचं दार वेगळं असतं. जन्माने मिळालेला धर्म बदलून कोणी 'इतरां'तून 'हिंदूं'त येत नव्हतं. रामसिंग मात्र मद्रासचा होऊ शकला, हजारे बडोद्याचे होऊ शकले. जिथे राहतो, खेळतो, घाम गाळतो, तिथला माणूस होता येतं. आज चेन्नईत, इंदुरात, बेळगावात, हैदराबादेत राहून हे ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

चेपॉकला कधी गेलात तर तिथे झाड शोधा, ज्याखाली कुणाला तरी वेगळं जेवायला बसवलं होतं. आणि मग त्याच मैदानाकडे बघून देवधर मास्तरांची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात.