आरोग्य ॲप आणि मानवी मूल्ये

आरोग्यविषयक ॲपची रचना करताना वापरकर्त्याची गरज जाणून घेणे पुरेसे नसते. खासगीपणा, स्वायत्तता, सुरक्षितता, प्रतिष्ठा ही त्याची मूल्येही विचारात घ्यावी लागतात. तंत्रज्ञानाच्या रचनेत मूल्यांना आरंभापासून स्थान देणाऱ्या पद्धतीला मूल्यसंवेदी रचना म्हणतात. बात्या फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ती विकसित केली.

मूल्यांमधील संघर्ष

दोन मूल्ये परस्परविरोधी ठरू शकतात. भारत सरकारने २ एप्रिल २०२० रोजी आणलेले 'आरोग्य सेतू' हे ॲप कोविड-१९च्या संसर्गाचा माग ब्लूटूथ व स्थानविषयक माहितीद्वारे घेत असे. सार्वजनिक आरोग्यरक्षण हा त्याचा हेतू होता. मात्र खासगीपणाच्या मुद्द्यावर त्यावर टीका झाली. २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची मूळ संहिता खुली करण्यात आली.

महाराष्ट्रातील उदाहरण

मुंबईतील 'अरमान' संस्थेची 'एममित्र' ही सेवा गर्भवती स्त्रिया व नवमातांना मोफत ध्वनिसंदेश पाठवते. त्यासाठी स्मार्टफोन किंवा वाचता येणे आवश्यक नाही. संदेशाची भाषा व वेळ स्त्री स्वतः निवडते. घरात एकच फोन असून तो दिवसभर दुसऱ्याकडे असेल, तर ही निवडच माहिती तिच्यापर्यंत पोहोचेल की नाही हे ठरवते.