आभाळ, बाजार आणि बैल

बहात्तरच्या दुष्काळात मी पाळण्यात होतो. केडगावच्या आमच्या रानात त्या साली ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही, असं अम्मी सांगायची. कडबा संपला, तशी अब्बांनी बैलजोडी मिळेल त्या भावात विकली. दोघं खडी फोडायला गेली, घरात मिलो शिजू लागला. १९७३ला पाऊस आला. पण शेजाऱ्याची पेरणी उरकून त्याचे बैल आमच्याकडे येईपर्यंत जमिनीतला वाफसा गेला होता. पाऊस होऊनही आमचं शेत अर्धंच पिकलं.

हे कोडं मला पुढे जिल्ह्याचा इतिहास वाचताना उलगडलं. आपला नगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा. पण पीक केवळ आभाळ ठरवत नाही. बाजारही ठरवतो.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळले. सारा मात्र नव्या आकारणीत वाढला होता. विहिरीत, बैलात, खतात जायचा पैसा व्याजात गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले. पाठोपाठ आपल्याकडे पारनेर, श्रीगोंद्याची गावंही उठली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकून जाळले गेले.

अशा खंगलेल्या शेतकऱ्यावर १८७६चा दुष्काळ कोसळला. प्रशांत महासागर तापला की मोसमी पाऊस अनेकदा बिघडतो, त्या तापण्याला आज आपण एल निनो म्हणतो. त्याच सुमारास चीन आणि ब्राझीलमध्येही माणसं उपासमारीने मेली. इथे दुष्काळी कामं निघाली, पण १८७७मध्ये सरकारने मजुरीच कापली. १८७९च्या कायद्याने कोर्टांना कर्जाचा मागचा हिशेब तपासून अवाजवी व्याज कमी करण्याचा अधिकार दिला. तोवर फार उशीर झाला होता.

बहात्तर साली वेगळं घडलं. त्याच काळात आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात दुष्काळाने असंख्य माणसं आणि जनावरं गेली. महाराष्ट्रात लाखो लोकांना रस्त्यांवर, पाझर तलावांवर काम मिळालं. आमची बैलजोडी गेली, पण माणसं आणि जमीन राहिली. याच अनुभवातून १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २००५मध्ये देशानेही तसा कायदा केला.

परंतु बाजाराचं काय? २०२३चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला. पाणी विकत घेऊन जगवलेला कांदा बाजारात येतो न येतो, तोच ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली. ती मे २०२४मध्ये उठली. मधल्या महिन्यांत ज्याने पडत्या भावात कांदा विकला, त्याच्या पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खत तिथेच गेलं.

म्हणून पंचनामा करताना जळालेलं पीक जरूर मोजावं. सोबत एवढंही विचारावं, की पाऊस आला तर पेरायला याच्याकडे काय उरलंय? अब्बांना तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं.