पुणे जिल्ह्यातील जननप्रमाणाचा अभ्यास आणि वि. म. दांडेकर यांचे सुधारित द्विपद वितरण

प्रस्तावना

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील गाव आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. अशा गावातील एका कुटुंबात ठरावीक काळात किती मुले जन्मतील, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. परंतु १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतल्यावर त्याला राष्ट्रीय धोरणाचे महत्त्व आले. या प्रश्नातून पुण्यात घडलेल्या एका संख्याशास्त्रीय विचाराचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेल्या संशोधनाची परंपरा निर्माण केली. याच परंपरेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यू यांविषयीची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर १९५५ मध्ये वि. म. दांडेकर यांनी ‘संख्या’ या नियतकालिकात द्विपद आणि प्वासाँ वितरणांची सुधारित रूपे मांडली.

विवेचन

अपत्यांची संख्या हा खंडित यदृच्छ चल आहे. संभाव्यता वस्तुमान फलन ‘नेमकी दोन अपत्ये’ यासारख्या प्रत्येक मूल्याची संभाव्यता सांगते, तर संचयी वितरण फलन ‘दोन किंवा त्याहून कमी’ याची. लगतच्या दोन संचयी मूल्यांची वजाबाकी केली की वस्तुमान मिळते.

याकोब बेर्नुली यांच्या १७१३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विवेचिलेले द्विपद वितरण सर्व प्रयत्न स्वतंत्र मानते. जन्माच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही, कारण गर्भधारणेनंतर काही महिने पुन्हा गर्भधारणा संभवत नाही. म्हणून दांडेकरांनी प्रत्येक यशानंतरच्या (म − १) प्रयत्नांत यशाची संभाव्यता शून्य मानली.

येथे संचयी फलनाचा मार्ग सोपा ठरतो. न प्रयत्नांत जास्तीत जास्त क यशे मिळणे म्हणजे (क + १) वे यश तोवर न येणे. आधीच्या क यशांनी क(म − १) प्रयत्न निष्फळ ठरविलेले असतात. ते वगळल्यास उरलेल्या न − क(म − १) प्रयत्नांच्या साध्या द्विपद वितरणातून उत्तर मिळते.

उदाहरणादाखल न = ५, म = ३ आणि यशाची संभाव्यता ०.२ घेऊ. शून्य यशाची संभाव्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे ०.३२७६८. जास्तीत जास्त एका यशासाठी तीन प्रयत्न उरतात, म्हणून ०.५१२ + ०.३८४ = ०.८९६. जास्तीत जास्त दोन यशांची संभाव्यता १ आहे. अतएव नेमक्या एका यशाची संभाव्यता ०.५६८३२ आणि दोन यशांची ०.१०४ येते. साध्या द्विपद वितरणात दोन किंवा अधिक यशांची संभाव्यता ०.२६२७२, म्हणजे अडीच पटींहून अधिक भरली असती.

निष्कर्ष

हा फरक केवळ गणिती नाही. साधे वितरण प्रमाण मानल्यास प्रत्यक्षात आढळणारी कमी अपत्ये हेतुपुरस्सर केलेल्या नियोजनाचे फळ समजली जाण्याचा धोका होता. वास्तविक त्यातील काही भाग निसर्गनियमाचाच असतो. निरीक्षणाच्या आरंभी स्त्री आधीच विरामकाळात असल्यास या सूत्रातही दुरुस्ती लागते. तरीही गावोगावच्या नोंदींचा अर्थ लावताना सूत्राची गृहीते प्रथम तपासावीत, हा दांडेकरांच्या कार्याचा बोध समाजशास्त्रांच्या अभ्यासकाला आजही मार्गदर्शक आहे.